काठ कोणता घ्यावा? कार्डांवर विणलेल्या पट्ट्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात कार्ड-विणकामाविषयीची बरीच पत्रे एकदम आली असून त्यांतील बहुतेकांचा रोख पट्टीच्या काठाकडे आहे. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, चार कोपऱ्यांना चार भोके असलेली चौकोनी कार्डे घेऊन प्रत्येक भोकातून ताण्याचा, म्हणजे पट्टीच्या लांबीने जाणारा, एकेक धागा ओवतात. कार्डांचा गठ्ठा पाव फेरी फिरवला की वरच्या आणि खालच्या धाग्यांमध्ये फट पडते, तिच्यातून बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून तो ठोकतात आणि गठ्ठा पुन्हा पाव फेरी फिरवतात. पोळ्याआधी अंबाडीचा दोर वळताना पडतो तसा पीळ प्रत्येक कार्डाच्या चार धाग्यांना पडत जातो आणि शेजारशेजारच्या या पिळांना बाणा एकत्र बांधून ठेवतो. हा बाणा पट्टीच्या अंगात पूर्णपणे दडलेला असतो. तो डोळ्यांना दिसतो तो फक्त दोन काठांवर, जेथे तो वळून परत आत शिरतो. काठाविषयीच्या जवळजवळ सर्व तक्रारींचे मूळ या वळणाशी आहे.

प्रश्न : मी क्रोशाच्या जाड सुती दोऱ्याने 20 कार्डांचे कमरपट्टे विणते. सुरुवातीला पट्टा चांगला रुंद असतो, पुढे तो अरुंद होत जातो आणि काठ कधी आत, कधी बाहेर असा नागमोडी दिसतो. काठाच्या निरनिराळ्या पद्धती असतात असे ऐकले आहे. त्यांतील कोणती पद्धत घेतली म्हणजे काठ सरळ येईल?
— एक वाचिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपल्या अडचणीवर नवी पद्धत हा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टा अरुंद होतो तो बाणा दर ओळीला थोडा थोडा जास्त ओढला गेल्यामुळे, आणि काठ नागमोडी होतो तो ही ओढ प्रत्येक ओळीत सारखी नसल्यामुळे. ही सवय तशीच राहिली, तर कोणताही काठ घेतला तरी तो वाकडाच येणार.

बाणा फटीतून पलीकडे नेल्यावर तो लगेच आवळू नये. काठाबाहेर करंगळीचे टोक जाईल एवढे त्याचे वेटोळे मोकळे सोडावे, कार्डे पाव फेरी फिरवून नवी फट उघडावी, फूटपट्टीने मागची ओळ नीट ठोकावी आणि मगच बाण्याचे दुसरे टोक हळूहळू ओढत ते वेटोळे काठाशी टेकेपर्यंत आत घ्यावे. वेटोळे दिसेनासे झाले की थांबावे. त्यापुढे ओढलेला प्रत्येक केसभर धागा आपल्या पट्ट्याची रुंदी खातो. आधी फट बदलून मग ओढण्याचे कारण असे की, नव्या फटीतील धाग्यांनी बाण्याला तोवर धरून ठेवलेले असते आणि त्यामुळे ओढ एकाच जागी न पडता सारखी वाटली जाते. रुंदी तपासण्यासाठी जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन त्याला पट्ट्याच्या रुंदीची खाच पाडावी आणि दर बोटभर विणल्यावर ती खाच पट्ट्यावर बसवून पाहावी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, कारण रुंदी इतकी सावकाश घटते की ती विणणाऱ्याच्या नजरेत येत नाही.

हे साधल्यावर काठाची निवड सोपी होते. दोन्ही बाजूंची शेवटची चार-चार कार्डे एकाच रंगाच्या धाग्याने भरावीत, आणि बाणाही त्याच रंगाचा घ्यावा, म्हणजे वळणावर दिसणारे त्याचे ठिपके काठात मिसळून जातील. आपल्या 20 कार्डांपैकी 12 नक्षीला उरतील; ती कमी वाटत असतील तर काठाला तीन-तीन कार्डे ठेवली तरी चालेल, पण एकच कार्ड ठेवू नये, कारण एकटा पीळ बाण्याच्या ओढीने आडवा होतो. काठाची कार्डे ओवताना पहिल्यात धागा डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून, अशी आलटूनपालटून दिशा ठेवावी आणि दुसऱ्या काठावर याचे आरशातल्यासारखे प्रतिबिंब घ्यावे. सगळ्या कार्डांचे धागे एकाच दिशेने ओवले, तर सर्व पीळ एकाच अंगाला वळू पाहतात आणि ताण सैल होताच पट्टा स्वतःभोवती गुंडाळू लागतो. बाण्याचा धागा ताण्याच्या धाग्यापेक्षा थोडा बारीक असेल तर वळण अधिक नीट बसते. काठ मजबूत व्हावा म्हणून तेथील ताण्यात जाड दोरा घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जाड आणि बारीक धागे विणकामात सारखे आखडत नाहीत आणि पट्ट्याचा मधला भाग फुगतो.

एक गोष्ट आपल्या भागासाठी म्हणून सांगते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील कोरड्या हवेत सुती दोरा कडक होऊन त्याला तूस सुटते, आणि सर्वाधिक घासले जाणारे काठाचे धागे आधी तुटतात. सूत किंचित ओलसर असताना अधिक बळकट असते. त्यामुळे त्या दिवसांत सकाळी विणावे किंवा ताण्याखाली ओले फडके अंथरून ठेवावे.

प्रश्न : मी दोन रंगांत अक्षरे विणतो. प्रत्येक कार्डात दोन धागे गडद आणि दोन फिके घेऊन दोन वेळा पुढे व दोन वेळा मागे अशी कार्डे फिरवतो. अक्षरे दोन्ही बाजूंनी छान उठतात, परंतु काठ सैल पडतो आणि बाण्याची वेटोळी दिसतात. काठाची कार्डे सतत पुढेच फिरवावीत असे कोणी सुचवले, पण तसे केल्यावर गठ्ठ्याच्या पलीकडे पीळ इतका साचतो की फट उघडत नाही.
— एक वाचक, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याला दिलेला सल्ला योग्यच आहे. कार्ड उलट दिशेने फिरवले की त्या जागी पीळ थांबून उलटा होतो आणि काही धागे नेहमीपेक्षा अधिक ओळींवरून मोकळे जातात. पट्टीच्या मध्यभागी शेजारची कार्डे अशा धाग्यांना आधार देतात, परंतु काठाला एका बाजूने आधारच नसल्यामुळे दर दोन ओळींनी उलटणारा काठ सैल पडणारच. म्हणून अक्षरांच्या पट्टीत काठाची कार्डे वेगळी काढून ती ताण्यावर गठ्ठ्याच्या वीतभर पुढे सरकवून ठेवावीत; प्रत्येक ओळीला आधी ती पाव फेरी पुढे फिरवावीत आणि मग मधला गठ्ठा नक्षीप्रमाणे पुढे किंवा मागे फिरवावा. ती डोळ्यांसमोर वेगळी राहिली की सवयीने त्यांना मागे फिरवण्याची चूक होत नाही.

साचणाऱ्या पिळाचा खरा उपाय म्हणजे फिरती कडी. मासे धरण्याच्या गळाच्या दोरीला पीळ बसू नये म्हणून जी छोटी धातूची कडी लावतात आणि जिला दुकानदार स्विव्हल म्हणतात, तीच येथे उपयोगी पडते. काठाच्या प्रत्येक कार्डाचे चार धागे पलीकडच्या टोकाला एका कडीत बांधावेत, कडीच्या दुसऱ्या बाजूला दोरी बांधून ती खाटेच्या किंवा खुर्चीच्या आडव्या दांड्यावरून खाली सोडावी आणि तिला पाण्याने अर्धवट भरलेली बाटली लटकवावी. पीळ कडीतून आपोआप सुटत जातो. याचा दुसरा फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. सतत एकाच दिशेने फिरणारी कार्डे आणि उलटसुलट फिरणारी कार्डे ताण्याचा धागा सारख्या प्रमाणात खात नाहीत, त्यामुळे सगळा ताणा एकाच गाठीत बांधलेला असेल तर काही वेळाने काठ तरी ताठ होतो किंवा मधला भाग तरी. काठाला स्वतंत्र वजन असले की प्रत्येक भाग हवा तेवढा धागा ओढून घेतो. सर्व बाटल्यांत पाणी मात्र सारखे भरावे. पुसदच्या बाजारात अशा कड्या मिळाल्या नाहीत, तर भंडारा-गोंदियाकडे कोणी जाणारे असल्यास त्यांच्याकडून मागवाव्यात. तलावांच्या त्या मुलखात मासेमारीच्या सामानाला तोटा नाही.

कड्या मिळेपर्यंत काम थांबवण्याचे कारण नाही. पीळ घट्ट झाला की एका नावाचे शेवटचे अक्षर संपवून पुढचे नाव सुरू होण्याआधी जी रिकामी जागा सोडता, तेथे काठाची सर्व कार्डे एकदम उलट फिरवायला लागावे. साचलेला पीळ पुढच्या विणकामात वापरला जाऊन कमी होत जाईल. काठ एकरंगी असल्याने हा बदल सहसा कोणाच्या नजरेला येत नाही. दर दोन ओळींनी उलटणे आणि हातभर विणल्यावर एकदा उलटणे यांत मजबुतीच्या दृष्टीने फार अंतर आहे.

प्रश्न : आमच्या घरात पूर्वी करवतकाठी लुगडी विणली जात. आता माग राहिला नाही. कार्डांवर विणलेल्या पट्टीला तसा करवतीच्या दातांचा काठ आणता येईल काय?
— एक वाचिका, मोहाडी तालुका, जि. भंडारा

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला. तशी रचना हुबेहूब येणार नाही, पण दात मात्र नक्की येतील, आणि ते फारसे अवघडही नाहीत.

करवतकाठीचे दात बाण्यातून येतात. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक असे तीन धोटे (बाणा वाहून नेणारी साधने) चालवून टसराच्या, म्हणजे जंगली रेशमाच्या, अंगाचा बाणा आणि सुती काठाचा बाणा एकमेकांत अडकवतात, आणि ही अडकण्याची जागा ओळीओळीने पुढे-मागे सरकवल्यामुळे दाते उमटतात. कार्डांवरच्या पट्टीत बाणा दिसतच नसल्याने तेथे रंगाचे सर्व काम ताण्याला करावे लागते. म्हणून दात विणताना पाडायचे नसून ओवतानाच पाडून ठेवायचे असतात.

प्रत्येक कार्डाच्या भोकांना क्रमाने क, ख, ग, घ अशी नावे द्यावीत आणि काठाची चार कार्डे आतून बाहेर पुढीलप्रमाणे ओवावीत. सर्वांत आतल्या कार्डात फक्त क मध्ये काठाचा रंग, समजा लाल, आणि उरलेल्या तीन भोकांत अंगाचा टसरी रंग घ्यावा. दुसऱ्या कार्डात क आणि ख लाल, तिसऱ्यात क, ख, ग लाल, आणि चौथ्या म्हणजे बाहेरच्या कार्डात चारही लाल. आता सर्व कार्डांची क ही भोके एका रेषेत ठेवून गठ्ठा सतत पुढे फिरवत राहिले की एका ओळीत चारही कार्डे लाल दिसतात, पुढच्या ओळीत तीन, मग दोन, मग एक, आणि पाचव्या ओळीला पुन्हा चार. एक बाजू सरळ आणि एक बाजू तिरकी असा हा दात खऱ्या करवतीच्या दातासारखाच असतो. चौथ्याच्या बाहेर आणखी एक पूर्ण लाल कार्ड जोडल्यास दातांच्या मुळाशी भक्कम रेघ येईल. बाणा अर्थातच लाल घ्यावा.

येथे ओवण्याच्या दिशेकडे विशेष लक्ष द्यावे. वर आलटूनपालटून दिशा ठेवण्यास सांगितले आहे, परंतु तो नियम एकरंगी काठासाठी आहे. दातांच्या कार्डांत सर्व धागे एकाच दिशेने ओवावे लागतात, कारण पिळाचा कल आणि दाताची तिरकी बाजू एकाच अंगाला झुकत असतील तरच ती कडा स्वच्छ उमटते. विरुद्ध झुकत असतील तर ती पायऱ्यापायऱ्यांची, कुरतडल्यासारखी दिसते. कोणती दिशा बरोबर हे कागदावर ताडत बसण्यापेक्षा चार बोटे विणून पाहावे, आणि कडा खडबडीत आली तर ती कार्डे उभ्या अक्षावर उलटवून पुन्हा चार बोटे विणावीत. दुसऱ्या काठावर ओवणी आरशातल्याप्रमाणे घ्यावी, म्हणजे दोन्हीकडच्या पिळांचा तोल राहतो. मध्येच फिरवण्याची दिशा बदलली तर दातांची तोंडेही उलटी होतात, त्यामुळे पिळाचा निचरा फिरत्या कड्यांनीच करावा.

टसर वापरणार असाल, तर ताण्याला रिळावर काढलेला आणि दोन-तीन पदर एकत्र पीळ दिलेला धागाच घ्यावा. फुटक्या कोशांपासून काढलेला घिचा दिसायला देखणा असला तरी जाडबारीक आणि कमी पिळाचा असल्याने कार्डांच्या भोकांत घासून त्याचे तंतू सुटतात आणि शेजारच्या धाग्यांत अडकतात. घिचा बाण्यालाही नको, कारण त्याचा प्रत्येक जाड भाग काठावर गाठीसारखा वर येतो.

प्रश्न : खांद्याच्या पिशवीचे पट्टे विणून आठवडी बाजारात विकतो. काही महिन्यांत पट्ट्याच्या कडा झिजून धागे बाहेर येतात. यासाठी गोल, नळीसारखा काठ असतो म्हणतात. तो कसा विणतात?
— एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : वजन पेलणाऱ्या पट्ट्यासाठी नळीचा काठ घेणे योग्य ठरेल. प्रत्येक बाजूला चार ते सहा कार्डे काठाची म्हणून राखावीत. नेहमीच्या विणकामात बाणा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सर्व कार्डांतून जातो. येथे तो काठात नेहमी बाहेरून आत शिरतो आणि पलीकडच्या काठाच्या अलीकडेच फटीबाहेर पडतो. उजवीकडून सुरू केल्यास बाणा उजव्या काठातून आणि मधल्या अंगातून न्यावा व डाव्या काठाच्या आधी पट्टीच्या खालून बाहेर काढावा. कार्डे फिरवावीत. मग तोच बाणा डाव्या काठाच्या पाठीमागून बाहेरच्या कडेला आणून तेथून आत घालावा, डावा काठ आणि मधले अंग पार करून उजव्या काठाच्या अलीकडे पुन्हा खाली काढावा. पाठीमागचा हा आडवा धागा नीट ओढला की काठाची कार्डे आपोआप खाली वळून नळी होते.

येथे, आणि फक्त येथेच, बाणा जोरात ओढायचा असतो, तोही काठाखालून जाणाऱ्या भागात. मधल्या अंगातली ओढ पूर्वीसारखीच सौम्य हवी. काठात बाणा एक ओळ सोडून जात असल्याने तेथील पीळ लांबट दिसतात, ते विणकाम सैल झाल्याचे लक्षण समजू नये. ओढ अपुरी पडली तर नळी उघडी राहते आणि पाठीमागे आडव्या धाग्यांची शिडी दिसते, म्हणून दर वीतभर विणल्यावर पट्टा उलटून पाहावा.

नळी करण्याइतकी फुरसत नसेल, तर दोन धोट्यांची पद्धत पाहावी. एकाच फटीतून एक बाणा डावीकडून आणि दुसरा उजवीकडून घालतात, त्यामुळे दर ओळीला दोन्ही काठांवर वळण पडते आणि काठ सारखे व घट्ट येतात. पट्टा थोडा जाड होतो. पिशवीला ते सोयीचेच आहे. बाजारात विकायच्या मालासाठी मला हीच पद्धत अधिक व्यवहार्य वाटते, कारण नळीच्या काठाला जेवढा जास्त वेळ लागतो तेवढी जास्त किंमत गिऱ्हाईक सहसा देत नाही.

प्रश्न : पोळ्यासाठी बैलांच्या झुलीला कार्डांवर विणलेली किनार लावायची आहे. वेगळी विणून शिवावी की थेट झुलीच्या कडेवर विणता येते? आणि तिचा काठ कसा असावा?
— एक वाचिका, कारंजा तालुका, जि. वाशीम

उत्तर : दोन्ही प्रकारे करता येते. वेगळी विणून शिवायची असेल तर आर्वीच्या वाचिकेला सुचवलेला साधा, एकरंगी, सपाट काठ घ्यावा. नळीचा काठ शिवणयंत्राच्या पायाखाली सपाट बसत नाही आणि शिलाई घसरते. शिवण्यापूर्वी झुलीचे कापड आणि किनार दोन्ही पाण्यात भिजवून वाळवावीत. सूत आटते, आणि ते शिवल्यानंतर आटले तर कडेला चुण्या पडतात. ओली किनार पांढऱ्या फडक्यावर दाबून तिचा रंग जातो का, तेही तेव्हाच पाहावे, कारण श्रावण अमावास्येला पाऊस येण्याची शक्यता धरूनच चालावे लागते.

थेट कडेवर विणण्याची रीत फार जुनी आहे. उत्तर जर्मनीत थॉर्सबर्ग येथील दलदलीत सापडलेल्या लोहयुगीन लोकरी प्रावरणाला कार्डांवर विणलेल्या किनारी आहेत, आणि लंडनमध्ये मिळालेल्या 14 व्या शतकातील कपड्यांच्या तुकड्यांवर काजांच्या कडेला अशीच अरुंद किनार कापडावरच विणलेली दिसते. रीत अशी की, बाणा धोट्याऐवजी मोठ्या सुईत ओवावा, फटीतून पलीकडे न्यावा, कापडाच्या दुमडलेल्या कडेतून एक टाका घ्यावा, कार्डे फिरवावीत आणि सुई नव्या फटीतून परत आणावी. अशा रीतीने कापडाकडचा काठ विणता विणताच शिवला जातो, त्यामुळे तेथे वेगळ्या काठाची चार कार्डे लागत नाहीत. बाहेरच्या बाजूला मात्र ती हवीतच. टाक्यांमधील अंतर ओळींच्या अंतराएवढेच ठेवावे. टाके दूरदूर पडले की किनार आखडून कापड फुगते, जवळजवळ पडले की किनारीलाच लाटा येतात. म्हणून आधी कापडावर खडूने बोटभर अंतरावर खुणा करून प्रत्येक बोटात किती ओळी बसतात ते मोजून घ्यावे.

झुलीचा पूर्ण घेर असा विणणे हे बरेच दिवसांचे काम आहे. पोळा जवळ आला असेल तर यंदा पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या, लोकांच्या नजरेसमोर येणाऱ्या दोन कडा थेट विणाव्यात आणि उरलेल्या दोन कडांना विणलेली पट्टी शिवून घ्यावी.

प्रश्न : कार्डे कशाची करावीत? पत्त्यांची कार्डे लवकर फाटतात.
— एक वाचक, धामणगाव रेल्वे, जि. अमरावती

उत्तर : नॉर्वेतील ओसेबर्ग येथे 834 मधील नौका-दफनात 52 कार्डे धाग्यांसकट सापडली, ती लाकडाची होती. आपल्याला जुन्या एक्स-रे फिल्मा पुरतील. त्या धुऊन 6 सेंटिमीटरचे चौकोन कापावेत, भोके पंचिंग मशीनने पाडावीत आणि कोपरे कात्रीने गोल करावेत. कोपरे टोकदार राहिले तर ते फिरताना शेजारच्या धाग्यांत अडकतात, आणि भोकांची कड खरखरीत राहिली तर धागा कापला जातो. दोन्ही ठिकाणी बारीक पॉलिश पेपर फिरवावा. काठाची कार्डे वेगळ्या रंगाच्या पेनाने खूण करून ठेवावीत, म्हणजे गठ्ठा हातातून सुटून विखुरला तरी कोणती कार्डे कडेची होती ते शोधत बसावे लागणार नाही.